हातचा राखून

त्रेचाळीस वजा सतरा. करा बघू.

मनातल्या मनात सव्वीस म्हणालात? शाब्बास. बसा खाली.

आता हेच गणित तिसरीच्या एखाद्या वर्गात फळ्यावर लिहा. तीनातून सात जात नाहीत. मग पोर काय करतं? सातातून तीन घालवतं. राहिले चार. चारातून एक गेला, राहिले तीन. उत्तर चौतीस. आणि ते इतक्या ठामपणे सांगतं की क्षणभर आपणच बोटं मोजायला लागतो.

हातचा घ्यायचा राहिला, बाकी काही नाही.

‘असर’ नावाचा अहवाल दर काही काळाने येतो. ‘प्रथम’ संस्थेची माणसं खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलाला समोर बसवतात आणि दोन अंकी हातच्याची वजाबाकी घालतात. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०१८ मध्ये ती २८.२ टक्क्यांना आली. महामारीनंतर २०२२ मध्ये २५.९ टक्क्यांना. २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांना.

झालं! भरून निघाली तूट. महामारीच्या आधीपेक्षाही आपण वर. पेढे वाटा.

पेढे वाटण्यापूर्वी फक्त सरकारी शाळांचा आकडा पाहू. २७.६ टक्के. शंभरातून २७.६ वजा करा आणि किती मुलांना येत नाही ते सांगा. जपून हं, यातही हातचा आहे.

आणखी एक गंमत. आठवीच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. हे गणित खरं तर चौथी-पाचवीचं. ते आठवीत २०१८ ला ४४.१ टक्क्यांना आलं, २०२२ ला ४४.७ आणि २०२४ ला ४५.८ टक्क्यांना. मध्ये जग थांबलं होतं. रेल्वे थांबली, लग्नं थांबली, पंढरीची वारी एसटीतून गेली. आठवीचा भागाकार मात्र जागचा हलला नाही.

जमिनीवर झोपलेला माणूस खाटेवरून पडणार कसा?

तेव्हा ‘कोविडमुळे झालं हो सगळं’ हे पालुपद जरा आवरतं घ्यायला हवं. कोविडने खड्डा खोल केला, हे खरं. पण खोदकाम जुनं आहे. फरक इतकाच की आधी खड्ड्याला नाव नव्हतं, आता ‘अध्ययन ऱ्हास’ असं भारदस्त नाव मिळालं. नाव मिळालं की समिती येते. समिती आली की ॲप येतं. मूल असतं तिथेच असतं.

त्या काळाची उजळणी करू. मार्च २०२०, शाळा बंद. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. शिक्षण म्हणजे काय, तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ. फोन बापाचा, बाप शेतावर किंवा गवंडीकामावर. संध्याकाळी फोन घरी यायचा तेव्हा नेट संपलेलं. नेट असलं तर चार्जिंग संपलेलं. दोन्ही असलं तर थोरला भाऊ गेम खेळत बसलेला.

आणि अपूर्णांक म्हणे पीडीएफमधून शिका.

जुलै २०२१ मध्ये सेतू अभ्यासक्रम आला. ४५ दिवसांचा. मागच्या इयत्तेचं राहिलेलं दीड महिन्यात भरून काढायचं आणि मग नवी इयत्ता सुरू. पूल बांधायची कल्पना चांगलीच होती. अडचण एकच. प्राथमिकच्या शाळा तेव्हाही बंदच होत्या, त्यामुळे पुलाचं एक टोक फोनमध्ये होतं आणि दुसरं कुठे होतं ते अजून सापडलेलं नाही.

त्याहून भारी पुढे आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला. त्यात तिसरीची मुलंही होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला.

म्हणजे आधी परीक्षा, मग शाळा. मुंज आधी, बारसं नंतर!

निकाल लागायचा तोच लागला. देशभरात तिसरीच्या गणिताची सरासरी २०१७ मध्ये ५०० पैकी ३२१ होती, ती ३०६ झाली. पाचवीची ३१० वरून २८४. हे आकडे पाहून अनेकांना धक्का बसला. वीस महिने दांडीवर टांगलेला सदरा आखडलेला निघाला, म्हणून धक्का.

त्याच वर्षी दहावीचा निकाल किती लागला होता, आठवतं? ९९.९५ टक्के. परीक्षा रद्द, अंतर्गत मूल्यमापन, सगळे पास. महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत हुशार वर्ग घरी बसून तयार झाला. राहिलेल्या ०.०५ टक्क्यांनी नेमकं काय केलं असेल, हा संशोधनाचा विषय आहे.

आता ‘निपुण भारत’. सुरुवात ५ जुलै २०२१. उद्दिष्ट असं की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. उद्दिष्टाला नावं ठेवायला जागाच नाही. पण हिशेब घाला. ज्यांची दुसरी-तिसरी घरात गेली ती मुलं शाळेत परतली, तोवर तिसरी सरत आली होती. पुढच्या जूनला चौथी. योजना तिसरीपर्यंतची.

बस आली तेव्हा ही मुलं पुढच्या थांब्यावर होती.

डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात हीच मुलं सहावीत सापडली. गणिताच्या बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. महामारीच्या आधी चौथीत असलेली मुलं नववीत सापडली. ३७ टक्के. आणि कोविडनंतर पहिलीत आलेली, एकही वर्ष न बुडालेली तिसरीची मुलं? ६० टक्के. उतरंड पाहा, साठ, शेहेचाळीस, सदतीस. अर्थात ही उतरंड २०१७ मध्येही होतीच. मूल जितकी वर्षं शाळेत जास्त, तितकं गणित कमी. याला आपण शिक्षण म्हणतो.

पण गणितातच असं का होतं? कारण इतिहासात शिवाजी महाराजांचा एक धडा बुडाला तरी टिळकांचा धडा कळतो. मराठीची एखादी कविता चुकली तरी पुढच्या कवितेचं काही अडत नाही. गणितात तसं नाही. भागाकाराला गुणाकार लागतो, गुणाकाराला बेरीज लागते, आणि भागाकार करताना खाली जी वजाबाकी करायची तिला हातचा लागतो. सातवीच्या पोराला ऋण संख्यांचा गुणाकार शिकवायला घेतला की ते नम्रपणे मान डोलावतं. त्याची गाडी दशक-एककाच्या घरात रुतलेली आहे हे त्याला ठाऊक आहे, बाईंनाही ठाऊक आहे. पण पाठ्यक्रम ऑक्टोबरपर्यंत अमुक पानावर पोचलाच पाहिजे.

पुस्तक पुढे जातं. वर्ग पुढे जातो. पोर नुसतं इयत्तेने पुढे जातं.

बरं, त्यात आपली मराठी. लाघवी खरीच, पण पोराला संख्या सांगताना जरा खट्याळच. एकोणतीस म्हणजे तीस उणे एक. म्हणजे ज्याला वजाबाकी येत नाही त्याला संख्येचं नाव घेतानाच वजाबाकी करायला लावायची! बेचाळीस बोलताना दोन आधी येतो, लिहिताना चार आधी. त्रेसष्ट, पासष्ट, सदुसष्ट म्हणताना मोठ्यांचीही जीभ अडखळते, आणि सत्त्याऐंशी की सत्त्याण्णव हे तर बँकेतसुद्धा दोनदा विचारून घेतात.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचायचा पर्याय दिला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. पंचवीस काढून टाका असं कुणी म्हटलेलं नव्हतं. अडखळणाऱ्या पोराला धरायला कठडा असावा, इतकंच म्हणणं होतं. पण महाराष्ट्राची अस्मिता एका रात्रीत जागी झाली. विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाल्याचं जाहीर झालं.

पद्धत चांगली की वाईट, यावर वाद जरूर व्हावा. पण पंचवीससाठी रस्त्यावर यायला निघालेल्यांपैकी पंचवीसातून नऊ घालवता न येणाऱ्या पोरासाठी किती जण घराबाहेर पडले?

उत्तर शून्य. हे मात्र हातच्याशिवाय आलं.

‘ही पोरंच मठ्ठ’ असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा आठवडी बाजारात जावं. दहा-अकरा वर्षांचं पोर, समोर मेथीच्या जुड्या. तीन जुड्या, अर्धा किलो वांगी, पन्नासाची नोट. उरलेले पैसे तुमच्या हातात पडतात तेव्हा तुम्ही फोनमध्ये कॅल्क्युलेटर शोधत असता. यावर संशोधनही झालंय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना व्यवहारातले अवघड हिशेब तोंडी येतात, तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडले की येत नाहीत. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट. त्यांना कागदावर जमतं, बाजारात भंबेरी उडते.

म्हणजे डोकं शाबूत आहे. बाजारातून वर्गात येणारा रस्ता तेवढा खचलाय.

तो बांधायचा कुणी? गुरुजींनी. गुरुजी कुठेत?

गुरुजी माहिती भरतायत. सकाळी हजेरी ऑनलाइन. मग पोषण आहाराची नोंद ॲपवर, किती मुलं जेवली, किती तांदूळ शिजला. मग ‘यू-डायस’वर शाळेची सगळी माहिती. मग एका मुलीच्या आधारवर नाव ‘कोमल’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘कोमल्’, ते जुळत नाही, म्हणून तिचा ‘अपार’ हा विद्यार्थी-क्रमांक निघत नाही, म्हणून वरून विचारणा. मग मतदार यादी. मग कुठला तरी दिवस साजरा करून त्याचे फोटो, बॅनर स्पष्ट दिसेल असे, लिंकवर टाकायचे. मध्येच टपाल येतं, ‘आजच्या आज सादर करावे’. ते टपाल दुपारी चारला आलेलं असतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. कलम फार सुंदर आहे. फ्रेम करून शाळेत लावावं. लावल्याचा फोटो लिंकवर टाकावा.

गुरुजींनाही सगळं माफ नाही बरं का. गणित पेटी कित्येक शाळांत कपाटात आहे. मण्यांच्या माळा, दशकाचे दांडे, खोट्या नोटा, सगळं जागच्या जागी. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. का? तर डेडस्टॉकला नोंद आहे, एक मणी हरवला तर जबाबदार कोण! पेटी कोरी करकरीत राहिली की तपासणीत शेरा चांगला मिळतो. मुलं अर्थातच तपासणीत येत नाहीत.

उलट ज्या शाळांत चिंचोके आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन गुरुजी जमिनीवर मांडी घालून बसतात, दहाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या पोराच्या हातात देतात, तिथे हातचा म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळतं. गठ्ठा सुटला, दहा सुटे झाले, सात द्यायला पुरले. इतकंच. अशा शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्याच आहेत. त्यांच्यावर अहवाल निघत नाही, कारण त्यांच्याकडे अहवाल लिहायला वेळ नसतो.

मग उपाय कुणालाच ठाऊक नाही का? ठाऊक आहे. लाजिरवाणी गोष्ट ही आहे की तो मुंबईतच तयार झालेला आहे. ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा उद्योग केला. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, वर्गात मागे पडलेली मुलं ती रोज दोनेक तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जिथवर येतं तिथून पुढे शिकवायची. इयत्ता कोणती, पान कितवं, हे विचारायचं नाही. अंक ओळखता येतात? मग तिथून. बेरीज येते? मग वजाबाकीपासून. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रीय चाचणी झाली, गुण वाढलेले दिसले, २००७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. चाचणी घेणाऱ्यांतल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

नोबेल घेणारे स्टॉकहोमला गेले. पद्धत आफ्रिकेत गेली. दादर-परळच्या पोराकडे यायला तिला अजून लोकल मिळालेली नाही.

का? कारण हा उपाय कंटाळवाणा आहे हो. मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवा. रोज एक तास द्या. त्या तासाला फोन नको, टपाल नको, फोटो नको. याचं उद्घाटन कसं करणार? फीत कुठे बांधणार? यात टॅब्लेटची खरेदी नाही, निविदा नाही, मंत्र्यांच्या छायाचित्राला जागा नाही. असल्या योजनेला कोण विचारतो?

आपल्याला झगमगीत हवं. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घाला, दप्तराचं ओझं कमी होईल. घातली. २०२५ च्या सुरुवातीला काढून टाकली. ‘एक राज्य, एक गणवेश’ आणा. आणला. मापं चुकली, शाळा अर्धी सरली तरी कपडे येईनात, निर्णय फिरवला. पहिलीपासून तिसरी भाषा आणा. एप्रिल २०२५ ला आदेश, जूनला सुधारित आदेश, २९ जूनला दोन्ही रद्द. अडीच महिने सगळा महाराष्ट्र पहिलीच्या पोराला किती भाषा याव्यात यावर तावातावाने बोलत होता.

त्याला बेरीज किती यावी यावर कुणाचं काहीच म्हणणं नव्हतं. मतभेद नसलेला विषय, वर्तमानपत्राला निरुपयोगी.

दहावीत गणितात नापास होणारी मुलं हा राज्याच्या डोक्याला ताप होताच. त्यावर २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यात तोडगा निघाला. गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यावं, पुढे गणित-विज्ञान घ्यायचं नाही या अटीवर. हेतू दयाळू आहे. ज्याला कलाशाखेत जायचंय त्याची वाट बीजगणिताने का अडवावी? मान्य. पण दहा वर्षं शिकवून पस्तीस येत नसतील तर पस्तीसच खाली आणायचे, ही युक्ती मात्र दाद देण्यासारखी आहे.

पस्तीस वजा वीस. बिनहातच्याची वजाबाकी. सरकारला जमली.

मार्च २०२५ पासून ‘चावडी वाचन आणि गणन’ही सुरू झालं. पोराने गावासमोर उभं राहायचं, वाचून दाखवायचं, गणित करून दाखवायचं. कल्पना वाईट नाही, गावाला कळलं पाहिजेच. फक्त चावडीवर उभं करायचं ते नेमकं नऊ वर्षांच्या पोरालाच का, हे कुणी समजावून सांगेल काय? त्याच्या शेजारी आणखी दोघा-तिघांना उभं करता आलं असतं. ज्यांनी शिक्षकाची रिकामी जागा तीन वर्षं भरली नाही ते. ज्यांनी शाळा उघडण्याआधी परीक्षा घेतली ते. जागा आहे चावडीवर, ऐसपैस असते.

असो. परवा म्हणे पुन्हा टपाल निघालं. हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आजच्या आज कळवावी.

शाळेत मुलं ४३. वजाबाकी येणारी १७. रकान्यात आकडा भरून गेला, ३४. वरच्या कार्यालयाने तो बेरजेत धरला आणि पोच पाठवली.